काच मागं ठेवते

झटका तसा किरकोळ होता. बोटांतून शिरला, कोपरापर्यंत आला आणि चुकीच्या घरात शिरलेल्या पाहुण्यासारखा तिथूनच मागं फिरला. थोरल्यानं हात ओढून घेतला तेव्हा मनगट टीव्हीच्या लाकडी पेटीच्या कडेवर आपटलं, पण त्याला भीती वाटली ती मनगटाची नाही, काचेच्या मानेची. पिक्चर ट्यूबची मान जेमतेम दोन अंगठ्यांएवढी जाड असते आणि तिच्यामागं सगळी पोकळी. हात तिच्यावर आपटला असता तर काच आतल्या आत कोसळली असती आणि तिचे तुकडे खोलीभर उडाले असते. माणूस झटक्यानं मरतो त्याहून जास्त दचकण्यानं मरतो, असं त्याचे उस्ताद म्हणायचे. मान शाबूत होती. थोरला स्टुलावर बसला. उजवा हात अजून खिशातच होता, कारण तो डावखुरा, आणि पन्नास वर्षं त्याचा उजवा हात काम सुरू झालं की आपण होऊन खिशात जाई. एक हात आत असला तर दुसरा खिशात हवा, नाहीतर वीज एका हातातून शिरते आणि काळजावरून वाट काढत दुसऱ्या हातानं बाहेर पडते. खिशातल्या हातानं आपलं काम चोख केलं होतं. चुकला होता तो डावा.

"काय पडलं?" स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं.

"काही नाही."

"काही नाहीचा आवाज एवढा मोठा येत नाही."

प्लग काढलेला होता. प्लग काढल्यावर त्यानं सळई घेतली होती, लाकडी मुठीची, तिच्या शेपटाला तार, तारेचं टोक सेटच्या पत्र्याला. ती त्यानं ट्यूबच्या कुशीतल्या रबरी टोपीखाली सरकवली होती आणि 'टच्' असा आवाज ऐकला होता. म्हणजे काचेत साठलेली वीज एकदा उतरवली होती. दुसऱ्यांदा राहिलं. उस्तादांनी पहिल्याच महिन्यात शिकवलेली गोष्ट होती ती. ते म्हणत, काच विसरत नाही. एकदा उतरवलंस की गप्प बसते, पण घोटभर मागं ठेवते. तू चहा घे. चहा संपेपर्यंत तो घोट वर आलेला असतो. मग परत उतरव. तोपर्यंत आत हात घालशील तर तुझ्या हातावर माझा भरवसा नाही. आपल्या हातावर भरवसा नाही, असं कुणी म्हटलेलं थोरल्यानं तेव्हा शेवटचं ऐकलं होतं. त्यानंतर पन्नास वर्षं, हजारो सेट, आणि प्रत्येक सेटला दोनदा सळई. आज हात विसरला. डोकं विसरलं असतं तर त्याला एवढं वाटलं नसतं. डोकं गेली काही वर्षं चष्मा, किल्ल्या, बायकोनं सांगितलेलं मीठ विसरतच होतं. पण हात? हाताला कधी काही आठवावं लागलंच नव्हतं. त्यानं डावा हात मांडीवर उताणा ठेवला आणि शेजारच्या घरातल्या माणसाकडं बघावं तसा बघत राहिला. तू आणखी काय काय विसरला आहेस, असं त्यानं मनातल्या मनात हाताला विचारलं.

सेट तीन आठवड्यांपूर्वी पुतणीनं आणला होता. पुतणी म्हणजे धाकट्याची मुलगी, चष्म्याच्या दुकानात काचा घासते, आणि दोन भावांमध्ये अडतीस वर्षं धड बोलणं नसलं तरी तिनं कधी ते आपल्या खात्यात घेतलं नव्हतं. ती यायची, काकूच्या हातचं खायची, जायची. त्या दिवशी तिच्यामागं दोन हमाल होते आणि त्यांच्यामध्ये चार पायांची, वॉर्निश उडालेली, कपाटाएवढी पेटी. भंगारवाल्याकडं मिळाली म्हणाली. एका बंद पडलेल्या लॉजमधली.

"काय करायचंय हिचं?" थोरल्यानं विचारलं होतं.

"चालू करायचीय. बाबांना सत्तरावं लागतंय. आयुष्यभर फ्रीज दुरुस्त केले त्यांनी, पण रस्त्यात कुठं असला जुना डबा दिसला की अजून थांबतात. मी हात धरून ओढते तेव्हा हलतात."

बायको मधेच बोलली. "या वयात लोक नातवंडं खेळवतात. आता हे डबा खेळवणार."

मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढताना त्यावरची तांबडी अक्षरं त्यानं बोटानं पुसली. धोका. झाकण उघडू नये. त्याला हसू आलं, दर वेळी येई. वीस वर्षं तो रोज अशी झाकणं उघडत होता आणि त्यांवर काय लिहिलंय ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याला अक्षर येत नव्हतं. आकडेही त्याला रंगांनी कळत. काळा शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन, नारिंगी तीन. रेझिस्टरच्या पोटावरच्या रंगीत कड्या तो जपमाळेसारख्या वाचायचा. झाकणाच्या आत चिकटवलेला सर्किटचा नकाशा मात्र धाकटा वाचायचा. धाकट्याला थोरल्यानंच शिकवलं होतं, म्हणजे शाळेत घातलं होतं, आणि तो वाचायला लागला तेव्हा त्याला दुकानात शेजारी बसवलं होतं. धाकटा बोट ठेवून वाचायचा, थोरल्याचा हात आत चालायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, एका माणसाला चार डोळे आणि एक हात. धाकटा दुकान सोडून गेल्यावर नकाशे मुके झाले. मग एकेचाळिसाव्या वर्षी बायकोनं भाजी निवडता निवडता त्याला अक्षरं शिकवली, आणि त्यानं कुणाच्या मदतीशिवाय वाचलेला पहिला शब्द होता 'धोका'. बायको पोट धरून हसली होती. "बरं झालं आधी येत नव्हतं वाचायला," ती म्हणाली होती, "नाहीतर उपाशी मेलो असतो."

तर झाकण निघालं, कित्येक वर्षांची धूळ निघाली, आणि धुळीखाली फ्यूजच्या चिमट्यात फ्यूज नव्हता. तिथं तांब्याची तार पिळून बसवलेली होती. काचेच्या नळीतला केसासारखा फ्यूज आत काही बिघडलं की स्वतः जळतो आणि घर वाचवतो. तार जळत नाही. तार वीज जाऊ देते, आणि मग जळतं ते दुसरंच काहीतरी. थोरल्यानं ती तार चिमट्यानं ओढून काढली, पुतणीला दाखवली, आणि औषधाच्या डबीच्या झाकणात टाकली. "कुण्या गाढवाचं काम," तो म्हणाला. आणि मग, काही कारण नसताना, "तुझ्या बापाला ही सवय होती."

पुतणीनं डोळ्यांवरचा चष्मा काढून ओढणीनं पुसला. काच आधीच स्वच्छ होती.

त्यानंतरचे दिवस थोरल्याला कित्येक वर्षांत मिळाले नव्हते असे मिळाले. गॅलरीच्या बंद काचांमधून दुपारचं ऊन टेबलावर यायचं आणि तो त्या उन्हात बसून एकेक गोष्ट निगुतीनं करायचा. पायाखाली कोरडी फळी, तिच्यावर रबर. ट्यूबला हात लावायच्या वेळी डोळ्यांवर जाड चष्मा आणि ट्यूबभोवती गोधडी, तान्ह्या मुलाला गुंडाळावी तशी. या जातीच्या सेटमध्ये घरातल्या विजेची एक तार थेट आतल्या पत्र्याला जोडलेली असते. म्हणजे सगळा सांगाडाच जिवंत, फक्त लाकूड आणि बटणांची टोपणं माणसाला वाचवतात. म्हणून त्यानं भिंत आणि सेट यांच्यामध्ये वेगळा ट्रान्सफॉर्मर ठेवला. मेणाचे कंडेन्सर वितळून तपकिरी ओघळ आले होते, ते सगळे बदलले. मोठ्या कंडेन्सरला बाहेर काढून, इतक्या वर्षांच्या उपाशी माणसाला पेज पाजावी तशी थोडी थोडी वीज पाजली. एकदम जेवू घातलं तर त्याचं पोट फुटतं. चौदा व्हॉल्व्ह एकेक करून पुसले, नावाची छापील अक्षरं पुसू न देता. चौदाही एकाच माळेत असतात. एकाची वात गेली की चौदाही अंधारात. त्याचे आणि धाकट्याचे वडील वारले तेव्हा उस्ताद एवढंच बोलले होते: माळ बघ, एक गेला की सगळे विझले असं वाटतं, पण विझलेले नसतात, वाट तुटलेली असते.

आणि आज दुपारी त्यानं पहिल्यांदा वीज सोडली. सरळ नाही; मध्ये दोनशे वॉटचा बल्ब लावून. आत कुठं चिकटलं असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि सेट वाचतो. बल्ब पेटला, भगभगीत. थोरल्यानं श्वास धरला. मग बल्ब मंद होऊ लागला, दुखणं उतरावं तसा, आणि जसजसा तो मंद झाला तसतसा पेटीच्या आत पहिल्यांदा एक, मग दोन, मग सगळ्या काचांच्या तळाशी नारिंगी उजेड धरला. तापलेल्या धुळीचा वास आला. तो वास नाकात शिरला आणि थोरला चौतीस वर्षांचा झाला, त्याच्या डाव्या खांद्याशी धाकट्याचा श्वास लागला, आणि कुणीतरी बोट ठेवून वाचू लागलं. पडद्यावर काही आलं नाही. एवढ्या कमी विजेवर यायचंही नव्हतं. पण आत पातळ, कानाच्या कडेला लागेल न लागेल अशी शीळ सुरू झाली, म्हणजे ट्यूबपर्यंत विजेचा उच्च दाब पोचत होता. त्यानं स्वतःला सावरलं, प्लग काढला, सळई लावली, टच् झालं, बायकोनं मिठाचं काही विचारलं, त्यानं काही उत्तर दिलं, आणि हात आत घातला.

आता तो मांडीवरच्या हाताकडं बघत होता. मग, का कुणास ठाऊक, त्यानं औषधाच्या डबीचं झाकण पुढं ओढलं आणि तार उचलली. तीन आठवडे ती तिथंच होती. दोन बोटांची, हिरवट पडलेली. दोन पदर एकमेकांत पिळलेले. त्यानं ती उन्हात धरली. पीळ उलटा होता. उजव्या हाताचा माणूस तार पिळतो तेव्हा पीळ एका बाजूला जातो. डावखुरा पिळतो तेव्हा दुसऱ्या. दुकानात सगळे त्याची यावरून टर उडवायचे. दादानं बांधलेलं सोडवायला दादाच लागतो, असं धाकटा म्हणायचा. थोरल्यानं टेबलावरच्या तारेच्या रिळातून एक तुकडा तोडला, डोळे मिटले, हाताला वाटेल तसा पिळू दिला, आणि दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले. जुळ्या बहिणींसारखे होते.

तो उठला, बसला. बॅटरी घेऊन पेटीच्या आतल्या डाव्या भिंतीवर उजेड टाकला. तिथं खूण होती: तीन उभ्या रेघा आणि खाली ठिपका. त्याची सही. अक्षर येत नव्हतं तेव्हा तो दुरुस्त केलेल्या प्रत्येक सेटच्या आत पेन्सिलीनं ही खूण काढायचा आणि शेजारी धाकटा तारीख घालायचा, गोल, शाळेतल्या वळणाची. खूण त्यानं पहिल्याच दिवशी पाहिली होती. पाहून त्याला अभिमान वाटला होता. आपला सेट, असं म्हणून त्यानं लाकडाला थोपटलं होतं, आणि त्याच हातानं तार काढून गाढवाला शिव्या दिल्या होत्या. शेजारची तारीख मात्र वाचली नव्हती. आता त्यानं ती वाचली, बोट ठेवून, एकेक आकडा.

"अगं," त्यानं हाक मारली. बायको पदराला हात पुसत आली. त्यानं तारीख सांगितली. "या दिवशी काय होतं?"

"मला काय पंचांग समजता?" ती म्हणाली, आणि मग थांबली. "हो की. दवाखान्यात होते मी. टायफॉइड. दुसऱ्या दिवशी ती मोठी मॅच होती ना, फायनल? सगळ्या नर्सा रेडिओभोवती, मी पाणी मागून मागून थकले. आणि तुम्ही आलात ते उभ्या उभ्या झोपत होतात. भिंतीला टेकून झोपलात, सरळ. मी म्हटलं, घोडा आहे की नवरा."

"किती दिवस झोपलो नव्हतो?"

"मी तापात, मला काय विचारता? तुमचा भाऊ, बारक्या, म्हणत होता चार."

ती गेली. थोरला स्टुलावर बसून राहिला, आणि ते वर आलं. काचेतून येतं तसंच, हळूहळू, चहा संपेपर्यंतच्या वेळात. दुकान सेटनी भरलेलं, दारापासून मोरीपर्यंत. प्रत्येकाला उद्याच्या आत हवा. बाजारात फ्यूज संपलेले. दर तासाला कुणीतरी दारात उभं राहून म्हणतंय, मिस्त्री, एवढा आमचा. आणि त्याचा डावा हात, रिळातून दोन बोटं तार तोडणारा. उद्या बदलू. त्या आठवड्यात हाताला फक्त एवढंच ठाऊक होतं, उद्या बदलू. किती सेट? चार? पाच? उद्या आला तेव्हा बायको शुद्धीवर आली होती, आणि तो उद्या तिच्या उशाशी गेला.

दोन महिन्यांनी शिंपी आला होता. कोपऱ्यावरचा, मोजपट्टी गळ्यात घालून फिरणारा. त्या दिवशी मोजपट्टी नव्हती. भर दुपारी, दुकानात गिऱ्हाइकं असताना, त्यानं काउंटरवर काजळी लागलेली तार टाकली. सेटला आग लागली, दाराचा पडदा पेटला, पलीकडं पोरगी झोपली होती, म्हणाला. पोरगी वाचली. हा तुमचा फ्यूज का? थोरल्यानं तारेकडं क्षणभर पाहिलं आणि मग भावाकडं. "बारक्या, हे तुझं." "माझं नाही, दादा." "मग काय भुतानं केलं? माझा हात असलं करत नाही." आणि धाकटा वाकून तारेकडं बघत राहिला होता, खूप वेळ, नकाशा वाचावा तसा. मग त्यानं ती तार उचलली, शर्टाच्या खिशात टाकली, शिंप्याला म्हणाला, "चूक झाली, साहेब," खिळ्यावरचा जेवणाचा डबा घेतला आणि गेला. थोरल्याला ती कबुली वाटली होती. अडतीस वर्षं ती त्यानं कबुली म्हणून जपली होती. कुणी विचारलं तर म्हणायचा, त्यानं स्वतः मान्य केलं, माझ्यासमोर.

आता उन्हात दोन तारा होत्या आणि कुणी काही विचारत नव्हतं. टेबलाखाली कचऱ्याची बादली होती. तार दोन बोटांची. बादलीत टाकली की संपलं. फ्यूज नवा बसवलेलाच होता, सेट चालू होईल, सत्तराव्या वर्षी धाकट्याच्या घरी जाईल, पुतणी खूश होईल, आणि जग होतं तसंच राहील. थोरल्यानं बादलीवर हात नेलाही. मग त्याला त्या लॉजचा विचार आला. अंधाऱ्या पुढच्या खोलीत, वर्षानुवर्षं, अनोळखी माणसं या पेटीसमोर बसून हसली असतील, पेंगली असतील, पोरांना मांडीवर घेऊन बसली असतील, आणि सगळा वेळ त्या सगळ्यांच्या आणि आगीच्या मध्ये त्याची ही तार. पेटी एकदाही पेटली नाही. कुणी वाचवलं त्यांना? त्याला माहीत नव्हतं. तो उठायला गेला आणि परत बसला, पण ते भीतीनं नाही. एवढ्या मोठ्या, आपल्याला न विचारता घडत राहिलेल्या दयेपुढं माणूस उभा राहू शकत नाही, म्हणून. त्यानं तार परत झाकणात ठेवली आणि पुतणीला फोन लावला.

"रविवारी बापाला घेऊन ये."

"भेट म्हणून द्यायचाय तो, काका. आधी दाखवायचा नाही."

"दाखवायला नाही. कामाला बोलावतोय. सांग, नकाशा वाचायला माणूस नाही."

"तुम्हाला येतं की वाचायला."

"तुला काय करायचंय? सांग तेवढं."

रविवारी धाकटा आला. दारात चप्पल काढताना त्यानं वहिनीची चौकशी केली, गुडघ्यांची केली, हवेची केली. लग्नकार्यात दोघं भेटत तेव्हा जेवढं बोलत तेवढं सगळं बोलून झालं. मग तो गॅलरीच्या उंबऱ्याशी आला आणि पेटी बघून थांबला. पुतणी म्हणाली होती तसाच थांबला, कुणी ओढल्याशिवाय हलणार नाही असा. केस सगळे गेलेले, खांदे फ्रीज उचलून उचलून एका बाजूला झुकलेले. थोरल्यानं औषधाच्या डबीचं झाकण पुढं केलं.

"या सेटमधली आहे. आत माझी खूण आहे."

धाकट्यानं तार उचलली नाही. नुसती पाहिली. "उलटा पीळ," तो म्हणाला.

"माझी आहे. ती शिंप्याचीही माझीच असणार. चुकलं माझं, बारक्या."

"हो."

"हो म्हणजे?"

"म्हणजे मला तेव्हाच दिसला होता पीळ. शिंपी समोर, चार गिऱ्हाइकं उभी. त्यांनी बघितलं असतं तर दुकान गेलं असतं. दुकान तुझ्या हातावर चालायचं, दादा. माझ्या वाचण्यावर नाही. म्हणून उचलली. कोपऱ्यावरच्या गटारात टाकली."

"मग मला तरी सांगायचंस."

"तू विचारलंस कुठं? तू सांगितलंस."

पुतणी दाराशी उभी होती. तिनं चष्मा काढला, पण पुसला नाही, हातातच धरला. स्वयंपाकघरातून काकू म्हणाली, "उभ्यानं काय भांडता, बसून भांडा. काम करायचंय ना?"

ते बसले. धाकट्यानं पेटीचं पुठ्ठ्याचं झाकण मांडीवर घेतलं, खिशातून चष्मा काढला आणि नकाशावर बोट ठेवलं. थोरल्याला त्या नकाशातलं अक्षर न् अक्षर पाठ होतं. तरी तो म्हणाला, "वाच." आणि धाकटा वाचू लागला, फ्यूजपासून, माळेच्या पहिल्या व्हॉल्व्हपासून, आवाज जाड झालेला पण चाल तीच, जिथं रेघ वळते तिथं जरा थांबणारी. थोरल्याचा उजवा हात खिशात गेला. डावा हात आत चालू लागला, बोटानं प्रत्येक जागा तपासत. तो ऐकत होता, आणि त्याला वाटलं, हे मी अडतीस वर्षं एकट्यानं वाचत आलो आणि मला यातलं काही ऐकूच आलं नव्हतं.

मग वीज. आधी मोठा बल्ब मधे घालून, मग बल्ब काढून. चौदा वाती तांबारल्या. शीळ आली, चढत गेली, ऐकण्याच्या पलीकडं गेली. पडद्यावर काही नाही. काही नाही. पुतणीनं तोंड उघडलं आणि धाकट्यानं हात वर करून तिला थांबवलं. मग काचेच्या मधोमध एक आडवी रेघ उमटली, सुईनं ओढल्यासारखी बारीक. ती थरथरली. आणि ती उघडली. वर आणि खाली, एकाच वेळी, पापणी उघडावी तशी, आणि सगळी काच उजेडानं भरली. चित्र नव्हतं. असल्या सेटला चित्र पाठवणारं आता जगात कुणी उरलं नव्हतं. नुसता उजेड, निळसर, बारीक रेघांनी विणलेला, आत काहीतरी उकळत असल्यासारखा सतत हलणारा. तो चौघांच्या तोंडावर पडला. बायको हातात कालथा घेऊन आली होती, ती कालथा घेऊनच उभी राहिली. या पेटीत यातलं काही नव्हतं, थोरल्याला वाटलं. काच होती, पत्रा होता, धूळ होती, दोन म्हाताऱ्यांची चूक होती. आणि या सगळ्यातून हे कुठून आलं? आयुष्यभर तो हे करत आला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा ते त्याच्या हातानं केल्यासारखं त्याला वाटलं नाही.

"काहीच लागलं नाही," पुतणी हळूच म्हणाली.

"लागलंय," धाकटा म्हणाला. "बघ की."

बऱ्याच वेळानं थोरल्यानं बटण बंद केलं. उजेड आत ओढला गेला आणि मधोमध एक पांढरा ठिपका राहिला. लहान होत गेला, पण जाईना. चौघंही तो जाईपर्यंत बघत राहिले. मग थोरल्यानं प्लग काढून टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला, सळई घेतली आणि टोपीखाली सरकवली. टच्. आवाज मोठा होता, पुतणी दचकली.

"आता चहा," थोरला म्हणाला.

"आठवतंय," धाकटा म्हणाला.

चहा आला. पहिला घोट झाला, दुसरा झाला. बायको म्हणाली, दोघं मिळून डबा उघडायला लागले की माझी साखर संपते. धाकट्यानं बशी खाली ठेवली.

"आई गेली त्या दिवशी," तो म्हणाला, "पुढच्या खोलीतला बल्ब गेला होता. मी स्टुलावर चढलो. तू म्हणालास, तू हात लावू नकोस, मी बघतो. साधा बल्ब, दादा. अठरा माणसं बसली होती. मी स्टुलावरून उतरलो." त्याचा आवाज चढला, पिकल्या माणसाचा आवाज चढतो तसा, मधेच फाटून. "आणि परवा माझ्या मुलीला म्हणालास, तुझ्या बापाची सवय. तिनं सांगितलं नाही मला. तिच्या आईला सांगितलं, रडून. अडतीस वर्षं! तुला एकदा, एकदा तरी वाटलं नाही की पीळ बघावा?"

थोरल्याच्या मनात आलं की म्हणावं, मघाशीच म्हणालो की चुकलं. ते त्यानं गिळलं. त्यानं उजवा हात खिशातून काढला. तो काय करायचा ते त्याला कळेना, म्हणून नुसता टेबलावर ठेवला, दुसऱ्या हाताशेजारी.

"नाही वाटलं," तो म्हणाला. "तो बल्बही माझाच. आणि हिला बोललो तेही. चुकलं माझं."

धाकट्यानं नाक पुसलं, उरलेला चहा एका घोटात संपवला आणि कप उपडा करून ठेवला. मग त्यानं टेबलावरची सळई उचलली. धाकट्यानं आपला डावा हात खिशात घातला, वाकला, आणि उजव्या हातानं सळई हळूच टोपीखाली सरकवली.

टच्. या वेळी अगदी बारीक, वाळकी काडी मोडल्यासारखा.

"होतं अजून," थोरला म्हणाला.

"थोडं," धाकटा म्हणाला, आणि सळई तिथंच धरून ठेवली.